सोडल्यावरची गोलाई

६ जानेवारी, सोमवार

नव्या विभागाचं कुलूप आज मी उघडलं. आत अजून रंगाचा वास आहे. जमीन इतकी चकचकीत की पैलवानाने उंबऱ्यावर थांबून विचारलं, "मिस्त्री, बूट बाहेर काढायचे का?" पैलवान माझा जोडीदार टर्नर. अंगाने काडीसारखा आहे, म्हणून हे नाव.

मधोमध नवा उभा लेथ. टेबल आडवं फिरतं, त्यावर काम झोपवून धरायचं. आम्हाला त्यावर विमानाच्या इंजिनाच्या रिंगा कातायच्या आहेत. मोठ्या परातीएवढा घेर, चार बोटं उंची आणि शेवटी भिंत उरणार फक्त तीन मिलिमीटरची. धातू निकेलचा, चिवट. इंजिन कंपनीने चार कच्च्या रिंगा पाठवल्या आहेत. महिनाअखेरपर्यंत त्यातली एक जरी पास झाली तर वर्षभराचं काम आमचं. एकही झाली नाही तर काम दुसरीकडे जाणार, लेथ परत जाणार, आणि पैलवान आणि मी पुन्हा जुन्या शेडमध्ये पंपाचे भाग कातायला. मालकांनी हे हसत हसत सांगितलं, पण सांगताना खिशातल्या किल्ल्या वाजवत होते.

सुरुवात करण्याआधी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. मागितलं काही नाही. गोलाई देवाकडे मागणं बरं दिसत नाही. ते माझं काम आहे.

८ जानेवारी

पहिली रिंग झाली. एका पकडीत.

हे लिहिताना मला अभिमान वाटतो, तो लपवत नाही. काम एकदा चकमध्ये, म्हणजे लेथच्या जबड्यांत, धरलं की पूर्ण होईपर्यंत सोडायचं नाही, हे मला शिकवलं गेलं आणि मी इतरांना शिकवलं. काम सोडून पुन्हा धरलं की केंद्र हलतं. चांगल्या टर्नरची ओळख त्यावरच होते. जुन्या शेडमध्ये माझ्या नावाने म्हणतात, मिस्त्रींची पकड म्हणजे पकड.

रिंग चकमध्ये असतानाच डायल, म्हणजे केसाहून बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप, लावून घेर तपासला. काटा जागचा हलत नव्हता. पैलवानाने टोपी काढून छातीला लावली. मग जबडे सैल केले आणि दोघांनी मिळून, बाळ न्यावं तशी, रिंग मापखोलीत नेली.

मापखोलीत एक बाई असतात. शिकलेल्या, पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्याकडे काळ्या दगडाचं टेबल आणि माणकाच्या टोकाची सुई आहे. ती सुई रिंगभर फिरते आणि पडद्यावर आकार काढते. बाईंनी पडदा माझ्याकडे वळवला. गोल नव्हतं ते. तीन कोपरे होते, बोथट, पण तीन.

मी म्हणालो, मशीनवर गोल होती. बाई म्हणाल्या, "मशीनवर होती, मिस्त्री. विमानात मशीन नाही जाणार."

मग म्हणाल्या, मध्ये एकदा सोडून बघा. मी रिंग उचलली आणि निघालो. तीस वर्षं हातात काम धरणाऱ्याला मापखोलीतून हे ऐकावं लागतं.

९ जानेवारी

तीन कोपरे म्हणजे तीन जबडे. हे मला रात्री अंथरुणावरच कळलं होतं, कबूल करायला सकाळ लागली. जबड्यांनी रिंग तीन ठिकाणी दाबली, दाबलेल्या अवस्थेत मी ती गोल कातली, आणि जबडे सुटल्यावर दाबलेला भाग परत बाहेर आला. जाड कामात हे दिसत नाही. पातळ भिंतीत दिसतं.

ॲल्युमिनियमचे मऊ जबडे करायला घेतले आहेत. रिंगला सगळीकडून मिठी मारतील असे. चूक सापडली याचा आनंद आहे. बाईंचं टेबल बरोबर होतं, एवढंच मनाला लागलं.

१५ जानेवारी

दुसरी रिंग. मऊ जबडे, हलकी पकड, पण पकड एकच. तीन कोपरे गेले. त्यांच्या जागी अंडं आलं.

वर आणखी एक. सपाट टेबलावर ठेवली तर रिंग डुगडुगते, एक पाय आखूड असलेल्या खुर्चीसारखी. पैलवान तिला एका बोटाने हलवत बसला. टक टक, टक टक. शेवटी मी त्याला म्हणालो, बोट काढ नाहीतर तुला चकमध्ये धरतो.

बाईंनी पुन्हा तेच सांगितलं. रिंग घडवताना तापवली, झटकन थंड केली, तेव्हा धातूच्या आत ओढाताण राहून गेली आहे. आतला भाग एकीकडे ओढतो, बाहेरचा दुसरीकडे, आणि दोघांची बरोबरी असेपर्यंत रिंग गप्प बसते. आपण एका बाजूचा धातू काढला की बरोबरी मोडते. पकड असेपर्यंत कळत नाही, सुटली की रिंग आपल्या मनासारखी वाकते. "तिला मध्येच वाकू द्या, मिस्त्री. वाकायचं ते वाकून घेऊ दे. मग उरलेलं काता."

मी म्हणालो, बाई, मी पकड सोडली की केंद्र जातं. त्या म्हणाल्या, केंद्र पुन्हा शोधता येतं. मी म्हणालो, पुस्तकात येत असेल. मग निघालो.

घरी हिला सांगितलं. ही भाजी चिरता चिरता म्हणाली, त्या बाई तुमच्या बाजूच्या दिसतात. हिला कारखान्यातलं काय कळणार. दोन रिंगा नापास करणारी माझ्या बाजूची कशी?

१७ जानेवारी

आज एक विचित्र गोष्ट झाली आणि ती नीट लिहून ठेवायची आहे.

बाई सकाळी मालकांकडे गेल्या आणि पहिली, वाया गेलेली रिंग कापायची परवानगी मागितली. मालकांचा आवाज बाहेरपर्यंत आला. एवढा महागाचा धातू, नमुना म्हणून तरी ठेवा, वगैरे. बाईंचा आवाज आला नाही. बाहेर आल्या तेव्हा परवानगी घेऊन आल्या होत्या.

मला बोलावलं. रिंग बँडसॉवर आडवी धरून एका जागी आरपार कापायची, बस. मला ते बघवत नव्हतं. नापास झाली तरी माझ्या हातची होती. पण करवत पैलवानाने चालवली तर तो वाकडी चालवील, म्हणून मीच घेतली.

पातं शेवटच्या धाग्याइतक्या धातूपर्यंत पोचलं आणि काप एकदम मिटला. दोन्ही टोकं आत आली, पातं चिमटीत धरलं, मोटर घरघरून बंद पडली. पैलवान दोन पावलं मागे गेला.

लहानपणी गावात आमच्या घरामागे सुताराचं काम चालायचं. शाळेतून आलो की मी तिथेच. ओंडका कापताना तो कापात पाचर ठोकायचा. मी विचारलं होतं, कशाला? तो म्हणाला, झाड आडवं पडलं तरी त्याचा जोर संपत नाही, करवत धरून ठेवतं. लाकडाचं हे मला माहीत होतं. लोखंड, निकेल यांना मी मुकं समजत आलो. सांगू तो आकार घेतील. आज त्या रिंगने माझं पातं धरलं तेव्हा वाटलं, हिच्या पोटात हा जोर पहिल्या दिवसापासून होता, आणि मी ती गच्च धरून म्हणत होतो, बघा कशी शांत आहे.

बाईंनी कापात फटी मोजण्याची पट्टी घालून बघितली. आत जाईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बरोबर ठरल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर असेल असं वाटलं होतं. नव्हता. म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा, कशी कातायची."

मी आधी पाचर ठोकून पातं सोडवलं. मला विचारलं गेलं, हे बरं वाटलं.

२० जानेवारी

पकड सोडायची. ठरवलं.

जुन्या शेडमधले दोघे जेवणाच्या सुट्टीत नवा विभाग बघायला आले. मी तिसरी रिंग अर्धी कातून सैल करत होतो. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "अरे, मिस्त्रींनी मध्येच हात सोडला, वय झालं." मी हसलो. हसणं जमलं असं वाटत नाही.

पद्धत अशी ठरवली. आतून थोडं, बाहेरून तितकंच, म्हणजे दोन्ही बाजूंची तक्रार सारखी. मग सोडायचं, गार होऊ द्यायचं, उलटायचं, पुन्हा धरायचं. जबड्यांऐवजी खालच्या कडेला वरून आवळायचे बोल्ट, म्हणजे भिंतीवर दाब नाही. हे बोल्ट बसवायचं बूड, म्हणजे फिक्स्चर, पैलवानाने केलं. चांगलं केलं आहे. त्याला तसं सांगितलं, तर म्हणाला, मिस्त्री, बरं वाटत नाही का तुम्हाला?

२४ जानेवारी

तिसरीही नापास.

अंडं कमी झालं आहे, निम्म्याहून कमी. पण पास म्हणजे गोलाईत जास्तीत जास्त पाच शतांश मिलिमीटर फरक, आणि आमचा बारा. बाईंनी आकडा वाचला आणि पडदा न वळवताच बंद केला. मी म्हणालो, दाखवा की. त्या म्हणाल्या, नका बघू, जेवून या.

जेवलो नाही. कोपऱ्यात बसून राहिलो. एकच कच्ची रिंग उरली आहे आणि महिना संपत आला आहे. प्रार्थनेला हात जोडले तर मनात रिंगच. अशा वेळी प्रार्थना थांबवणं प्रामाणिक, असं मला वाटतं. देवालाही कळत असेल की माणूस त्याच्यासमोर बसून कशाशी बोलतोय.

२५ जानेवारी

आज सुट्टी होती, पण तिसरी रिंग डोक्यातून जाईना, म्हणून गेलो. पहारेकरी म्हणाला, बाई पण आल्या आहेत. जिन्यात उभं राहून कोणाशी तरी फोनवर बोलत होत्या. बराच वेळ. "माझ्यावर सोडा," असं काहीतरी म्हणाल्या. घरचं काही असेल. मी आवाज न करता निघून गेलो.

रिंग परत फिक्स्चरवर ठेवली. डुगडुगली. बोल्ट आवळले, डुगडुग गेली. डायल लावला, घेर गोल. म्हणजे आवळल्यावर गोल, सोडल्यावर नाही, पुन्हा तेच. मग सहज म्हणून डायल तसाच ठेवला आणि एक बोल्ट सैल केला.

काटा सरकला.

दुसरा सैल केला. आणखी सरकला. तिसऱ्याला उलटा सरकला. मी पुन्हा आवळले, पुन्हा सोडले. दर वेळी तोच नाच. मग लक्षात आलं. मी पकड सोडली, रिंगला वाकू दिलं, आणि मग वाकलेल्या बुडाला बोल्टने दाबून टेबलाला चिकटवलं. मी सोडण्याचं नाटक करत होतो. सरळ केली नव्हती, सरळ बसवून ठेवली होती.

मापखोलीत गेलो आणि बाईंना हात धरून आणावं तसं बोलावून आणलं, हात न धरता. काटा दाखवला. बाई खाली वाकून कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे माझ्या टेबलावर कधीच दिसलं नसतं. माझ्याकडे ती सुटूनच येते."

आवळताना काटा हलता कामा नये. इतकंच. आवळताना हलला नाही, तर सोडताना कशाला हलेल?

२८ जानेवारी

मालकांनी बोलावलं. इंजिन कंपनीने मुदत दहा फेब्रुवारीपर्यंत वाढवली. का, ते मालकांनाही ठाऊक नाही. म्हणाले, चांगली माणसं आहेत. मला वाटतं मालकांनीच गळ घातली असेल आणि मोठेपणा घ्यायचा नाही म्हणून सांगत नसतील. देवाचे आभार मानले, मनातल्या मनात मालकांचेही.

अट एक. शेवटच्या रिंगची शेवटची पकड त्यांचा माणूस समोर असताना सोडायची.

३ फेब्रुवारी

चौथी रिंग चालू आहे.

बुडाखाली जिथे फट दिसेल तिथे पातळ पत्र्याच्या चकत्या सरकवतो. काही तर सिगारेटच्या कागदाइतक्या. मग बोल्ट बोटाने, नंतर पान्याने, आणि डोळा काट्यावर. काटा हलला की बोल्ट सैल, चकती बदल, पुन्हा. पहिल्या पकडीला सकाळ गेली. पैलवान चकत्या कापून देतो आणि दर चकतीला नाव ठेवतो. एकीला मालक म्हणाला, कारण ती कुठेच बसत नव्हती.

बूड तसं वाकडंच धरून, न दाबता, वरची कड कातायची. मग उलटायचं, सरळ झालेल्या कडेवर बसवायचं आणि बूड सरळ करायचं. मग आत थोडं, बाहेर थोडं. मग सोडायचं. दर वेळी रिंग थोडी हलते, आणि दर वेळी आदल्या वेळेपेक्षा कमी. रागावलेल्या माणसाला बोलू दिलं की हळूहळू आवाज उतरतो, तसं.

बाई दिवसातून चारदा येतात. चुका शोधायला येत असाव्यात. कातताना सोडायच्या कूलंटमध्ये बोट बुडवून बघतात, गार आहे का ते.

७ फेब्रुवारी

शेवटचा काप उद्या. पैलवान म्हणाला, टूलच्या धारेत अजून जीव आहे, निम्मं आयुष्य शिल्लक आहे. मी नवी धार लावायला सांगितली. बोथट धार कापत नाही, घासते, आणि धातूच्या घासलेल्या कातडीत नवी ओढाताण शिरते. इतके दिवस जुनी ओढाताण काढली, आता आपलीच घालायची नाही.

घरी ही म्हणाली, आज तुम्ही जेवताना जेवताय. इतके दिवस काय करत होतो, विचारलं. म्हणाली, गिळत होतात.

८ फेब्रुवारी

काल झोप बरी लागली, म्हणून हात स्थिर होता. शेवटचा काप सकाळीच घेतला. चुरा बारीक, एकसारखा, सोनेरी पडत होता. काप संपल्यावर कूलंट बंद केलं आणि रिंग तशीच राहू दिली. हात लावून गार आहे की नाही ते बघितलं. मग पुन्हा बघितलं.

जेवणानंतर पाहुणे आले. इंजिन कंपनीचे, चष्मा, शांत आवाज. आत येताना ते बाईंना म्हणाले, "तुम्ही म्हणालात म्हणून आलो." रस्ता बाईंनी सांगितला असावा, आमच्या फाटकाकडे येणारं वळण चुकतं लोकांचं.

मालक किल्ल्या वाजवत होते. पाहुण्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, किल्ल्या थांबल्या.

मी डायल लावला. काटा शून्यावर. पाना घेतला. देवाचं नाव घेतलं, आणि या वेळीही काही मागितलं नाही. मागण्यासारखं काही राहिलं नव्हतं, जे करायचं होतं ते करून झालं होतं. पहिला बोल्ट सैल केला.

काटा हलला नाही.

दुसरा. नाही. तिसऱ्याला माझाच हात जरा थांबला. पैलवानाचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. सोडला. नाही हलला. मग एकामागून एक सगळे, शेवटचा बोल्ट निघून माझ्या तळहातात आला, रिंगला आता जगात कोणी धरलेलं नव्हतं, आणि काटा शून्यावर उभा होता.

पैलवान हळूच म्हणाला, "मिस्त्री, डायल बिघडला का?" म्हणून मी रिंगला करंगळीने किंचित दाबलं. काटा हलला आणि परत शून्यावर आला. डायल चांगला होता.

मापखोलीत सुई फिरली. पाहुण्यांनी रिंग वळवून पुन्हा मापायला लावली, आणि बाईंनी पुन्हा मापली. दोन्ही वेळा तीन शतांश. पाचाच्या जागी तीन. बाई म्हणाल्या, "चालेल." इतकंच. मग तोंड धुऊन येते म्हणून गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा नाक लाल. मापखोलीतल्या गारठ्याने सर्दी होणारच.

पाहुण्यांनी मालकांना विचारलं, महिन्याला किती देऊ शकाल? मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी आनंदात होतो, तोंडातून निघून गेलं, "चाळीस."

बाई म्हणाल्या, "वीस."

पाहुण्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, कोणाचा आकडा धरू? बाई म्हणाल्या, "माझा धरा. प्रत्येक रिंग किती वेळा सोडावी लागते ते मी बघितलंय. यांना घाई झाली की हे पुन्हा गच्च धरतील." पाहुणे पहिल्यांदा हसले. म्हणाले, वीस. काम तुमचं.

मालकांनी मला मिठी मारली, पैलवानाला मारली, आणि बाईंसमोर जाऊन गोंधळून नुसतेच उभे राहिले.

घरी येऊन सगळं सांगितलं. वीसचं सांगताना म्हणालो, बघ, अजून भरवसा नाही त्या बाईंना आमच्यावर. ही माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली, डोळ्याला पदर लावेपर्यंत हसली. का, ते सांगेना.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कच्च्या रिंगांची पहिली पेटी आली. पैलवानाने खिळे उपटले. आत कागदात गुंडाळलेल्या, काळपट, जड. लेथ आता इथून कुठे जात नाही. विभागाच्या दारावर पाटी लागली आहे आणि जुन्या शेडमधले ते दोघे आज पद्धत शिकायला आले होते. चकत्यांची नावं पैलवानाने त्यांना पाठ करायला लावली.

पहिली रिंग चढवली. आत थोडं, बाहेर थोडं. पहिल्यांदा सोडायची वेळ आली तेव्हा बाई येऊन उभ्या होत्या, नेहमीसारख्या हात मागे बांधून. मापखोलीच्या माणसाने मशीनला हात लावायचा नाही, हा नियम कोणी लिहिलेला नाही, पण कोणत्याही कारखान्यात तो मोडलेला मी पाहिला नाही.

मी पाना पुसला आणि त्यांच्यापुढे धरला. म्हणालो, "बाई, तुम्ही सोडा."

त्यांनी एकदा पान्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग बाह्या दुमडल्या.